डंकाच्या वरच्या मजल्यावरून: कमी पैशात आवाज अडवणारे इअरफोन कसे निवडायचे

मार्च संपत आला की आमच्या घराखालचा मिरची कुटायचा डंक सकाळी आठला सुरू होतो, तो दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीची वर्षाची चटणी तिथंच कुटली जाते. (बाहेरगावच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं तिखट.) डंकाला लागून पिठाची गिरण. आणि त्या दोघांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, मी. लोकांच्या मुलाखती, बैठका, व्याख्यानं ऐकून टाइप करून देते. दिवसाला पाच-सहा तास कानात इअरफोन. वाक्यातला एक ‘नाही’ निसटला तर अर्थ उलटा होतो, त्यामुळे बाहेरचा आवाज अडवणं हा माझ्यासाठी पोटाचा प्रश्न आहे.

आतापर्यंत नऊ इअरफोन घेतले. त्यातले पहिले पाच वाया गेले, आणि सगळ्यांत महागाचा त्या पाचांतच होता. नाव बघून घेतला, ‘डीप बास’ बघून घेतला, रंग बघून घेतला. कान बघून एकही घेतला नाही. खरं तर टोकावरचं ते दहा-वीस रुपयांचं रबर कानाच्या भोकात किती गच्च आणि किती न दुखता बसतं, यावरच सगळं ठरतं. पुढचं सगळं ५०० ते २००० रुपयांच्या हिशेबाने लिहिलंय.

आधी आपल्याकडचा आवाज ओळखा

चिरका, वरच्या पट्टीतला आवाज अडवणं सोपं असतं. जाड, खालच्या पट्टीतला आवाज अडवणं अवघड. माझ्या घरात तीन तऱ्हा आहेत. रस्त्यावरची बोलणी, हॉर्न, भांडीवाल्याची हाळी हे रबर नीट बसलं की जवळपास गायब होतं. गिरणीची घरघर उरते, पण पंख्याच्या आवाजाइतकी. तिसरे डंकाचे ठोके. ते नुसते कानातून येतच नाहीत. जमिनीतून, खुर्चीतून, हाडांतून येतात. त्यांच्यावर कुठलाही इअरफोन पुरा पडत नाही. खुर्चीच्या पायांखाली जुनी सतरंजी चार पदरी घडी करून टाकली, त्याने जो फरक पडला तो दोन हजारांच्या इअरफोननेही पडला नव्हता. गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी याच जातीचा. छातीत वाजणारी गोष्ट कान बुजवून थांबत नाही. त्या रात्री मी लॅपटॉप मिटून ठेवते.

आकड्यांत सांगायचं तर चांगलं बसलेलं सिलिकॉनचं रबर साधारण १५ ते २५ डेसिबल आवाज कमी करतं, फोमचं त्याहून थोडं जास्त. हे वरच्या पट्टीतलं. खालच्या पट्टीत आकडा घसरतो, आणि रबराला केसाएवढी फट राहिली तर खाली काहीच उरत नाही.

दुकानात इथेच एक गल्लत होते. ‘नॉइज कॅन्सलेशन आहे का?’ असं विचारलं की ‘आहे की!’ म्हणून ईएनसी लिहिलेला खोका हातात पडतो. ईएनसी मायक्रोफोनसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू जावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या कानासाठी असतं ते एएनसी: बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लाट आत सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. सतत चालणाऱ्या घरघरीवर ते चांगलं चालतं, अचानक येणाऱ्या ठोक्यांवर आणि बोलण्यावर कमी. दोन हजारांच्या आतल्या एएनसीबद्दल माझं मत फारसं बरं नाही. आत बारीक ‘स्स्स’ ऐकू येत राहतं, बॅटरी दोनेक वर्षांत मान टाकते, आणि रबर नीट बसलं नाही तर तेही लंगडंच. तेवढ्याच पैशात वायरचा, गच्च बसणारा इअरफोन जास्त काम देतो. आणि ज्याला रबरच नसतं, जो कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो, तो अर्धवट आकाराचा इअरफोन या यादीतून आधीच काढून टाका. दिसायला छान असतो, पण अडवत काही नाही.

वीस रुपयांची परीक्षा

इअरफोन घेण्याआधी फोमचे इअरप्लग घ्या. औषधाच्या दुकानात मिळतात, नाहीतर उद्यमनगरात हातमोजे-गॉगल असं सेफ्टीचं सामान विकतात तिथे हमखास. कारखान्यातली माणसं वापरतात तेच पिवळे-नारिंगी बोळे. जोडी दहा-वीस-तीस रुपयांना येते.

घालायची रीत अशी. बोळा बोटांत फिरवून पेन्सिलीएवढा बारीक करा. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढा. कानाची नळी सरळ नसते, वळणाची असते; कान ओढला की ती बऱ्यापैकी सरळ होते. मग बोळा आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, तो फुगेपर्यंत. बहुतेक जण हे धरणंच विसरतात आणि मग ‘काय फरक पडला नाही बघा’ म्हणतात.

आता तासभर तसंच बसा, घरातलं काम करा. तासाभराने कान आतून ठणकत असेल तर तुमची नळी अरुंद आहे. तुम्हाला लहान मापाचं रबर आणि ते ज्यावर चढतं ती दांडी बारीक असलेला इअरफोन लागेल. काहीच वाटलं नाही तर उत्तम. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो आणि चालताना पावलं डोक्यात वाजतात, हे सगळ्यांनाच होतं. कान बंद झाला की हाडांतून आलेला आवाज आत कोंडतो. बहुतेकांना चार-आठ दिवसांत सवय होते. माझ्या नणंदेला झालीच नाही. तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. अशा माणसाने कानात जाणाऱ्या इअरफोनवर पैसे घालू नयेत, कानावर बसणारा मोठा हेडफोन बघावा. हे वीस रुपयांत कळलं तर हजार वाचले.

कान वाहत असेल, दुखत असेल किंवा मळ साचून दडा बसला असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. इअरफोन मळ आणखी आत ढकलतो.

दोन कान, दोन मापं

इअरफोनच्या खोक्यात बहुधा लहान, मध्यम, मोठी अशा रबरांच्या तीन जोड्या असतात. मध्यम आधीच बसवलेली असते आणि नव्वद टक्के लोक तीच आयुष्यभर वापरतात, असा माझा अंदाज आहे. मीही चार वर्षं वापरली. मग एकदा वैतागून तिन्ही मापं दोन्ही कानांत घालून बघितली, तेव्हा कळलं की माझ्या उजव्या कानाला मध्यम लागतं आणि डाव्याला लहान. दोन कान सारखे नसणं अगदी नेहमीचं आहे. दोन्हीकडे वेगळी रबरं घालायला कुठलाही कायदा आड येत नाही.

मोठ्यापासून सुरुवात करू नका, लहानापासून करा. लहान घातलं, हलकेच फिरवलं, वायर जरा ओढली आणि ते सहज सुटून आलं तर एक माप वर. योग्य मापाचं रबर बाहेर काढताना हलकीशी ओढ लागते, बाटलीचं बूच निघावं तशी. त्याच्याही पुढचं माप घातलंत तर पहिली दहा मिनिटं छान वाटेल आणि तासाभराने कान लाल होईल. आता तोंड उघडा, मिटा, काहीतरी चावून बघा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलतो. खोटं बसलेलं रबर पहिल्याच घासाला सुटतं.

दुकानात

राजारामपुरीत, शाहूपुरीत मोबाइलच्या दुकानांची कमी नाही. अजूनही कित्येक ठिकाणी ‘हँडफ्री द्या’ म्हटलं की जास्त लवकर कळतं. अडचण अशी की कानात जाणारी वस्तू उघडून कोणी लावून बघू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण बऱ्याच दुकानांत एखादा उघडा नग दाखवायला असतो. मी काजळाच्या रिकाम्या डबीत माझी स्वतःची धुतलेली रबरं घेऊन जाते. डबी काढली की दुकानदार आधी हसतो, मग नग पुढे करतो.

“बास ऐका ताई, नादखुळा!”

“बास राहू दे. हा नळा किती जाड आहे तेवढं बघू दे.”

नळा म्हणजे रबर ज्यावर चढतं ती दांडी. ती साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची असते. अरुंद कानाला ६ चा नळा म्हणजे शिक्षा, मग रबर कितीही मऊ असो. स्वस्तातल्या चिनी इअरफोनांत, केझेडसारख्या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत, आवाज पैशाच्या मानाने फार चांगला मिळतो, पण नळा जाड आणि अंग मोठं असतं. मूनड्रॉपचा २०२२ मध्ये आलेला ‘चू’ अंगाने लहान आहे. त्याची पहिल्या आवृत्तीतली वायर मात्र निघत नाही, म्हणजे वायर तुटली की सगळंच गेलं. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती निघते. पाचशेच्या आसपास बोट, जेबीएल, रिअलमी यांचे साधे वायरवाले मिळतात. त्यांचं अंग छोटं, नळा बारीक, कानाला त्रास कमी. तासन्‌तास बोलणं ऐकायचं असेल तर त्यातला एखादा आणि वर चांगली रबरं, हा हिशेब मला सगळ्यांत शहाणा वाटतो.

अंगावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसतंय का तेही बघा. हवा खेळायला ते ठेवलेलं असतं; त्याने कानात दडा बसल्यासारखं होत नाही, पण तेवढ्या वाटेने बाहेरचा आवाज आत येतो. एक बारीक भोक चालेल. जाळीच दिसली तर तो आवाज अडवण्यासाठी केलेलाच नाही.

खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’कडे दुर्लक्ष करा, ते सगळ्यांवरच छापलेलं असतं. ड्रायव्हर (आतला बारीक स्पीकर) १० मिलिमीटरचा की १३ चा, यानेही काही कळत नाही.

आता खरी परीक्षा. फोनमध्ये असं गाणं घेऊन जा ज्यात हलगी आणि डग्गा, किंवा हलगी आणि ढोल, दोन्ही आहेत. हलगी वरच्या पट्टीत कडाडते. रबराला फट असली तरी ती ऐकू येणारच. डग्ग्याचा घुमारा मात्र फटीतून निसटून जातो आणि उरतो पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा फट-फट आवाज. तसं झालं की बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर डग्गा भरून आला तर इअरफोन चांगला आहे, रबराचं माप चुकलंय. दाबूनही पोकळच राहिला तर तो ठेवा आणि पुढचा बघा. आतला जाड आवाज ज्या फटीतून बाहेर जातो त्याच फटीतून गिरणीची घरघर आत येते, म्हणून ही एकच परीक्षा दोन्ही कामं करते. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर हे तपासायला जाऊ नका. मी तो प्रयोग केलाय. त्या काळच्या ध्वनिमुद्रणातच खालची पट्टी नाही. अर्धा तास ऐकत बसले, तपासलं काहीच नाही.

शेवटी बिल घ्या, वॉरंटीचं कार्ड दुकानातच भरून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा: कानात जाणारी वस्तू उघडल्यावर अनेकदा फक्त बिघाड असेल तरच बदलून मिळते, ‘कानाला लागतो’ हे कारण चालत नाही. फोनला गोल पिन नसेल तर सी-टाइपचा जोड लागेल. त्यात नुसता जोड आणि आत चिप असलेला जोड असे दोन प्रकार असतात; नुसता जोड काही फोनांवर मुका राहतो, म्हणून आपल्याच फोनला लावून बघून घ्या.

रबर बदला

इअरफोन घेतल्यावर शे-दोनशे रुपये रबरांसाठी राखून ठेवा. खोक्यातली रबरं बहुतेक वेळा पातळ आणि निसरडी असतात.

सिलिकॉन धुता येतं, टिकतं, पटकन घालता-काढता येतं. दिवसातून दहादा काढावं लागत असेल तर हेच. फोमचं रबर इअरप्लगसारखं दाबून घालायचं. ते फुगून कानाचा आकार घेतं, दाब सगळीकडे सारखा पडतो, घरघर जास्त अडवतं. पण घामाने आणि कानातल्या तेलाने काही महिन्यांत मऊपणा जातो, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात ते वाळत म्हणून नाही. मी उन्हाळ्यात डंकाच्या मोसमात फोम लावते आणि पावसाळ्यात सिलिकॉनवर येते. फोमने आवाजाची तकतक जरा कमी होते, बोलणं थोडं दबतं. माझ्या कामाला ते चालतं, गाणं ऐकणाऱ्याला कदाचित रुचणार नाही.

तिसरा प्रकार एकावर एक तीन छत्र्या असलेल्या रबराचा. मीड किलियन या श्रवणतज्ज्ञाने काढलेल्या एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने १९९१ साली ईआर-४ नावाचा इअरफोन आणला, तो असंच रबर घेऊन कानात खोल जायचा आणि ३५ डेसिबलच्या वर आवाज अडवण्याचा कंपनीचा दावा होता. तशी रबरं आता स्वस्तातही मिळतात. अडवतात जबरदस्त. पण पहिल्यांदा घालताना डोळ्यांत पाणी येतं, आणि मला अर्ध्या तासापुढे सोसली नाहीत.

रबर नळ्यावर घट्ट बसतंय ना, हे बाहेर ओढून तपासा. एकदा बारीक नळ्यावर मोठ्या भोकाचं रबर चढवून मी महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोपले. कराड गेल्यावर कूस बदलली, वायर ओढली गेली, इअरफोन हातात आला आणि रबर कानातच राहिलं. समोरच्या बाकावरच्या मावशी केसांचा आकडा घेऊन तयार होत्या. हात जोडून नको म्हणाले, रात्र एका कानाने काढली आणि सकाळी डॉक्टरांनी चिमट्याने दोन सेकंदांत काढून दिलं. आकडा घातला असता तर ते आणखी आत गेलं असतं, पडद्याला इजा झाली असती ती वेगळीच.

वायर, चष्मा आणि कुड्या

कान गच्च बंद झाला की वायर कपड्याला घासल्याचा आवाज आत खरखरतो. यावर उपाय फुकटचा आहे: वायर कानावरून मागे घेऊन इअरफोन उलटा घाला, म्हणजे घर्षण कानापर्यंत पोचत नाही आणि वायरचं वजनही कानाच्या पाळीवर जातं. सोबत चिमटा आला असेल तर तो गळ्याशी लावा.

ज्यांना चष्मा आहे त्यांनी आधी वायर, मग चष्म्याची काडी असा क्रम ठेवावा. उलट केलंत तर संध्याकाळी कानामागे वळ दिसेल. काही इअरफोनांच्या वायरीला आकड्यासारखा कडक वळसा असतो, तो चष्मेवाल्यांनी टाळावा. कुड्या किंवा झुबे घालणाऱ्या बायकांनी इअरफोनचं अंग कानाच्या वाटीत पूर्ण मावतंय का ते बघावं. खाली लोंबणारं अंग कुडीच्या फिरकीवर आपटतं आणि दर वेळी मान हलली की टक्‌ टक्‌ ऐकू येतं. मी आठवडाभर रेकॉर्डिंगमध्ये दोष शोधत होते.

आवाज किती ठेवायचा

गच्च बसणाऱ्या इअरफोनचा खरा फायदा इथे आहे. बाहेर गोंगाट असला की आपण नकळत आवाज वाढवतो. बाहेरचा अडला की कमी आवाजात भागतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. फोनवर डेसिबल दिसत नाहीत, म्हणून माझी रीत: पहाटे, गिरण बंद असताना, बोलणं स्पष्ट कळेल एवढाच आवाज लावायचा आणि पट्टी कुठे आहे ते बघून ठेवायचं. दिवसा त्याहून दोन घरांपेक्षा जास्त वर जावं लागलं तर रबर सुटलंय किंवा खराब झालंय असं समजायचं. काढल्यावर कानात ‘कुंई’ वाजत असेल तर त्या दिवशी पुन्हा घालू नका.

तासाला पाच मिनिटं कान मोकळे सोडा. घामट दिवसांत हे जास्तच पाळा.

सफाई

रविवारी रबरं काढून सिलिकॉनची साबणाच्या कोमट पाण्यात धुते, रात्रभर वाळवते. फोमची फक्त ओल्या फडक्याने पुसते. नळ्याची जाळी खाली करून जुन्या मऊ ब्रशने झाडायची. वर करून झाडली तर मळ आतच पडतो. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर इअरफोन गेला असं धरून चालू नका, दहातल्या आठ वेळा जाळी बुजलेली असते. दुसऱ्याचे इअरफोन घालायचे असतील तर निदान रबर आपलं घाला.

कुठे घालायचे नाहीत

दुचाकीवर अजिबात नाही. महाद्वार रोडवर चालतानाही नाही. तिथे मागून काय येईल याचा नेम नाही. एसटीत घाला, पण उतरायचं गाव आलं की एक कान मोकळा ठेवा. एवढे गच्च असतात की कंडक्टरची हाक सोडा, गॅसवर दूध उतू गेलेलंही मला कळलं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या तर मी मोजणंच सोडलंय.

त्यामुळे घरात एक खूण ठरवून घ्यावी लागते. आमच्याकडे सासूबाई दाराशी येऊन खोलीतल्या ट्यूबचं बटण चालू-बंद करतात. एकदा लुकलुकली तर चहा, दोनदा लुकलुकली तर कोणीतरी आलंय, आणि तीनदा म्हणजे खाली डंकावर आमचा नंबर लागला, मिरच्या घेऊन चल.